कुमुदआत्याचा कोमट डबा

कुमुदआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी आठवला तिचा डबा. लाज वाटली, पण खरं तेच. पुढे हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं तिचं घर आवरताना कुणी साड्या नेल्या, कुणी फोटो. मी तो कडी सैल झालेला स्टीलचा डबा मागून घेतला.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घरातले सगळे वकील नाहीतर मास्तर. ही एकटी प्रयोगशाळेत पेशी वाढवणारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. मुंबईला नेऊ, असं सगळे म्हणत होते. मी नुकताच सरकारी नोकरी सोडून एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागलो होतो, रजा मिळेना. म्हणून रेडिएशन हैदराबादलाच घ्यायचं, असं मीच ठरवलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस तेच रेडिएशन घेऊन इडली खायला लागला. बाबांना शेवटी पाणीही उतरेना… ते गेले, आणि 'मुंबईला नेलं असतं तर' हे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं. मी ते कुणाजवळ बोललो नाही.

आत्यानं रडून झाल्यावर वेगळाच प्रश्न धरला. किरणांनी एकाची गाठ विरघळते, दुसऱ्याची का नाही? त्यापायी तिनं पुढची वर्षं घातली. प्रयोगशाळेत किरणांचं मशीन नव्हतं. मग वेगवेगळ्या पेशंटांच्या गाठींतल्या पेशींच्या चपट्या बाटल्या डब्यात, खालच्या पुडात कोमट पाणी, वरून बाबांचा मफलर, अशी तयारी करून ती माझ्या स्कूटरवर मागे बसे. कोठीच्या रस्त्यावरचे खड्डे आले की "हळू रे!" म्हणून पाठीत बोट टोची. हॉस्पिटलातल्या पेशंटांचं रेडिएशन आटोपलं की तिला मशीन मिळे. बाबा ज्याखाली झोपले, तेच. मी गेटबाहेरच थांबायचो.

"क्या अम्मा, मरीज का खाना?" पहारेकरी विचारी.

"हौ मियाँ, ठंडा होरा, छोडो जल्दी!" म्हणत ती आत सटके.

एका शनिवारी तिनं मला प्रयोगशाळेत बोलावून मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. एका बाटलीतल्या पेशी मरून तरंगत होत्या. दुसरीतल्या तळाला घट्ट चिकटून, चांगल्या धडधाकट.

"मशीन तेच, डोस तोच, डबाही एकच," आत्या म्हणाली. "किरणांनी पेशीच्या आतला डीएनएचा धागा तुटतो. ह्या दुसरीतल्यांकडे तो जोडणारी प्रथिनं जास्त आहेत. काही तासांत जोडून मोकळ्या."

"ह्या बाबांच्या?"

"नाही रे. दादाच्या माझ्याकडे आठवडाभरही जगल्या नाहीत…" ती थांबली. "म्हणून त्याचं नेमकं काय झालं, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण किरणं मुंबईचीही हीच असतात. तू स्वतःला दोष देणं बंद कर."

तिनं केव्हा ओळखलं होतं, कोण जाणे! 'हो, बाबांच्याच' म्हणाली असती तरी मी मानलं असतं. ती खोटं बोलली नाही, म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला. त्या संध्याकाळी डबा घेऊन मी पहिल्यांदा तिच्याबरोबर आत गेलो. निवृत्त होतानाही ती "अर्धंच कळलं" म्हणायची. मला तेवढ्यानं जगता आलं.

गेल्या आठवड्यात काचीगुड्याची माझी मावसबहीण आली. तिच्या नवऱ्याचं रेडिएशन संपलंय, गाठ तशीच आहे. बसल्या बसल्या म्हणाली, "दादा, मुंबईला नेलं असतं तर…"

मी कपाटावरचा डबा खाली काढला, त्याला अजून गुंडाळलेला बाबांचा मफलर सोडला, डबा तिच्या हातात दिला आणि आत्याच्या त्या दोन बाटल्यांची गोष्ट सांगायला घेतली.