विषम पत्त्यावरचा आकडा

लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा हिवाळ्यातल्या रविवारी आमचा मुक्काम उत्तरेतल्या एका महानगरात, घराच्या गच्चीवर असायचा. तिचे बाबा मटार सोलत बसायचे, मी पेपर वाचायचे आणि ती मांडीवर लॅपटॉप घेऊन तापमान मोजणाऱ्या एका छोट्या सर्किट बोर्डाचा प्रोजेक्ट करायची.

एकदा ती वैतागली. "आई, लॅपटॉप पर तो मस्त चल रहा है. बोर्ड पर डालते ही मर जाता है!"

मी मराठीत बोलायचे, तिथंच वाढलेली ती हिंदीत उत्तर द्यायची. मी नोकरी करायचे त्या संस्थेतल्या यंत्रांसाठी मी बरीच वर्षं सी भाषेत प्रोग्राम लिहिले होते, पण तिनं त्यातलं कधी काही विचारलं नव्हतं. पेपर बाजूला टाकून मी तिच्याजवळ सरकले.

सेन्सरकडून येणाऱ्या निरोपात पहिला बाइट निरोपाचा प्रकार सांगणारा होता आणि त्याला लागूनच चार बाइटचं तापमान. तिनं थेट त्या दुसऱ्या बाइटवर पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, ठेवून पूर्ण आकडा एकदम उचलला होता.

"अगं, आकडा विषम पत्त्यावर आलाय," मी म्हटलं. "लॅपटॉपचा प्रोसेसर ते चालवून घेतो. बोर्डावरच्या या छोट्याला चारने भाग जाणारा पत्ताच लागतो, नाहीतर तो तिथेच थांबतो."

"तो बीच में तीन खाली बाइट डाल दूँ?"

"सेन्सर तुझं ऐकणार आहे का? तो पाठवतो तसंच येणार. ते चार बाइट मेमकॉपीनं एकेक करून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घे, मग वाच. पत्ता कसाही असू दे."

"स्लो नहीं होगा?"

"कंपायलर शहाणा असतो. जिथे थेट उचलता येतं, तिथे तो कॉपी करत बसत नाही."

तिनं ती ओळ बदलली, बोर्डाला केबल लावली आणि प्रोग्राम चालवला. मग ओरडलीच, "सत्रह डिग्री!"

"तरीच माझी बोटं आखडलीत," तिचे बाबा म्हणाले.

त्यानंतर तो सगळा हिवाळा ती काही अडलं की "आई, ज़रा देखना" म्हणत यायची. कधी मला उत्तर यायचं, कधी आम्ही दोघी मिळून शोधायचो.

आता ती बंगळुरूला असते. फोनवर कामाचं सांगते, त्यातलं निम्मं मला कळत नाही. तरी मी मध्ये अडवत नाही. तिला तसं भरभरून बोलताना ऐकत राहते.