तळ्यावरची सुट्टी

अल मनखूलच्या बागेत संध्याकाळी दुसऱ्यांची पोरं खेळवायला ज्या बायका येतात, त्या सगुणाला ‘वर्ल्ड टूर’ म्हणून हाक मारतात. हे नाव ठेवलं सुमैय्यानं. सुमैय्या चिपळूणकडची, सगुणाच्याच बिल्डिंगमध्ये जुळी सांभाळते. “आमची मॅडम आम्हाला शारजाला नेत नाय,” ती म्हणायची, “आणि ही बया बघा, दुनियेच्या पार पलीकडं जाऊन आली.”

सगुणा वेंगुर्ल्याकडची. नवरा गेला तेव्हा पोर, समिधा, शाळेत होती. तिला मावशीकडे ठेवून सगुणा दुबईत आली. इथं उल्हाससाहेब आणि अपर्णाताईंची काव्या तिनं वाढवली, मग वेद झाला, तोही तिच्याच कडेवर वाढला. इतक्यात तिकडे समिधाचं लग्न होऊन तिला दिवसही गेले.

पहिलं बाळंतपण आईच्या घरी. यात कुणी कुणाला विचारायचं नसतं. पण सगुणाचं घर बंद. ती जाऊन कुलूप काढील, झाडील, चुलीवर न्हाण्याचं पाणी तापवील, तेव्हाच ते समिधाचं माहेर होणार. म्हणून तिनं गणपतीतच सांगून ठेवलं, “ताई, फेब्रुवारीत मला घरी सोडा.”

“अगं, जा की,” अपर्णाताई म्हणाल्या. “पोरीचं बाळंतपण म्हणजे जायलाच हवं.”

सगुणानं डिंक, खारीक, बदाम घेऊन कॉटखालची बॅग भरायला घेतली.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी साहेबांनी एका तळ्याची टूम काढली. सगळे जातात तिकडे जायचं नाही, असा त्यांचा हट्ट असतो. ग्वाटेमाला नावाच्या देशात, उंच डोंगरांत, ज्वालामुखींच्या मधोमध एक तळं आहे म्हणे. “वेद तुझ्याशिवाय जेवत नाही, आम्ही तिकडे काय करणार?” असं म्हणत ताईंनी सगुणाचा पासपोर्ट व्हिसाला पाठवला. वाटेत माद्रिदला विमान बदलायचं होतं, त्यामुळं युरोपचा शिक्का बसला. बागेत सगळ्यांनी तो हात लावून पाहिला.

तळं मोठं होतं. गावच्या खाडीसारखं दोन्ही काठ दिसणारं नव्हे, समुद्रासारखं उघडंही नव्हे. भोवती तीन टोकदार डोंगर, गप्प बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. काठाकाठानं माया लोकांची गावं. “They’re Maya, Maushi. Like, really ancient,” काव्या म्हणाली. सगुणाला त्यात जुनं काही दिसलं नाही. बायका पाठीला पोर बांधून, डोक्यावर सरपण घेऊन चढ चढत होत्या. तिची आई अशीच चढायची, फक्त पोर कडेवर असायचं.

घरची माणसं डोंगर चढायला गेली. वेदचं पोट बिघडलं होतं, म्हणून सगुणा हॉटेलातच राहिली. दोन दिवस तिनं तळं पाहिलं ते मोरीच्या खिडकीतून, त्याच्या चड्ड्या पिळता पिळता.

मग एकदा सगळे होडीनं विणकरांच्या गावी गेले. धक्क्याशेजारी पाण्यात एक घर उभं होतं. भिंती बुडालेल्या, दाराची वरची चौकट आणि पत्रे तेवढे वर. तळं वाढत वाढत आत शिरलं होतं. काठावर एक म्हातारी सूत उकलत बसली होती. तिनं घराकडे बोट केलं, मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं. सगुणानं मान हलवली. भाषेची गरज लागली नाही.

त्याच म्हातारीकडून तिनं लाल पट्ट्यांचं लांब कापड घेतलं, पोर पाठीला बांधायचं. समिधाच्या बाळासाठी. म्हातारीनं कसं बांधायचं ते वेदलाच सगुणाच्या पाठीवर चढवून दाखवलं. परतताना दुपारचा वारा सुटला, होडी आपटायला लागली. सगुणानं वेदला पाठीवरून सोडवून पोटाशी घेतलं, कापड दोघांभोवती लपेटलं आणि मनात गावच्या रवळनाथाला हाक मारली. तेवढ्यात वेदनं तिचं नाक पिरगाळलं. तिला हसू फुटलं. तेच काव्यानं टिपलं आणि तिच्या फोनवर पाठवलं. रात्री सगुणानं तो फोटो स्टेटसला ठेवला. समीनं पाहावा म्हणून.

जानेवारीत एका सकाळी तिनं विषय काढला. “ताई, तिकिटाचं बघायला हवं.”

“कसलं तिकीट?”

“घरी जायचं. समिधाचं…”

अपर्णाताईंनी लॅपटॉपवरून मान वर केली. आवाजात राग नव्हता. “अगं, पण सुट्टी झाली ना आपली आत्ताच?”

“आमचीपण लीव्ह संपली, सगुणा,” साहेब बूट घालता घालता म्हणाले. “आणि तुझ्या त्या तिकिटात इंडियाच्या चार फेऱ्या झाल्या असत्या.”

“ती सुट्टी माझी होती?”

“मग कुणाची?” ताईंनी फोनवर फोटो काढून तिच्यापुढे धरला. “हे बघ. इतकी हसलेली मी तुला कधी पाहिली नव्हती. मला इतकं बरं वाटलं. उन्हाळ्यात बघू गं. माझा नवा जॉब आहे, वेदची नर्सरी आहे. तू गेलीस तर आम्ही खलास.”

चड्ड्यांचं सांगावं असं सगुणाच्या तोंडाशी आलं होतं. पण फोटोत ती हसत होती, आणि ते हसू काही खोटं नव्हतं. ती पोळ्या लाटायला गेली. व्हिसा कॅन्सल करून निघावं, असंही दोन-तीन दिवस डोक्यात घोळलं. पण जावयाचं काम एक दिवस असायचं, एक दिवस नसायचं; पोरीचं घर हिच्याच पगारावर चालायचं. मग तिनं फोन लावला.

“समे, माका सोडूक तयार नाय गो.”

“गे आये, तुका सुट्टी गावली होती. ती तू तळ्यार घालवलंस.”

“ती सुट्टी नव्हती. मी कामार होतंय.”

“कामार. लाल शाल पांघरून, होडयेत बसान, दात काढून.” समिधाला धाप लागत होती. “माझी सासू वाडीत सगळ्यांका फोटो दाखवत फिरता. म्हणता, तुझ्या आवशीक दुनया फिराक टायम आसा.”

“ती शाल नाय गो. ता तुझ्या पोराक…”

फोन बंद झाला होता.

फेब्रुवारी सरता सरता जावयाचा मेसेज आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बऱ्या म्हणजे काय ते नंतर कळलं. सासरी घरातच दोन दिवस कळा काढल्या, शेवटी रिक्षात घालून तालुक्याला नेलं. पुढं मूल होईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. रिक्षात सगळ्या वाटेनं आयेला हाका मारत होती म्हणे. त्यानंतर सगुणाचा फोन तिनं एकदाही उचलला नाही.

गावाकडे शेजारच्या वाडीतला नीलेश इथंच दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहतो, एसी दुरुस्त करतो. तो गावी निघाला तेव्हा सगुणानं लाल कापड धुऊन, घडी घालून, सुतळी बांधून, पिशवीत घालून त्याच्याकडे दिलं. महिन्यानं परत आला तो पिशवी घेऊनच. बिल्डिंगखाली उन्हात उभा राहून पिशवीकडेच बघत राहिला.

“समिधान घेतल्यान नाय, मावशे.”

“काय म्हणाली?”

“काय नाय. चाय दिल्यान. पोर दाखवल्यान. नाक तुझा आसा.” त्यानं घाम पुसला. “म्हणाली, तळ्यारचा माझ्या पोराक नको.”

सुतळीची गाठ तिनं मारली होती तशीच होती.

“आनी तुझ्या घराची कौलां सरकलीत. मी डोकावलंय. आत मांजर व्यालाहा.”

“किती पिल्लां?”

“बघूक नाय मी,” नीलेश म्हणाला.

आता ते कापड वेदच्या बाबागाडीवर असतं, उन्हासाठी. गेल्या आठवड्यात ताईंनी पुन्हा पासपोर्ट मागून घेतला. यंदा स्वित्झर्लंड.

काल बागेत सुमैय्यानं एक नवी बाई आणली, बीडकडची, डोळे अजून रडून सुजलेले. “हीच ती,” सुमैय्या म्हणाली. “विचार हिला.”

“कसं होतं हो तळं?” नवीनं विचारलं.

सगुणानं वेदच्या तोंडाला लागलेली वाळू पुसली. “पाणी चढलेलं होतं. एका बाईचं घर बुडालं होतं. ती काठावर बसून बघत होती.”

“आणि मग?”

“मग काय. आमची होडी सुटली.”

“तरी नशीबच तुमचं,” नवी म्हणाली.