आबांच्या लेन्सची रिंग

ईशान, मीरा,

तुमच्या आजीच्या दारावर कधी लिंबू-मिरची टांगलेली तुम्ही पाहिली नसेल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. तरी हे लिहून ठेवते आहे, कारण फोनवर सांगायला गेले की माझा आवाज फुटत नाही...

आबांचं कबड्डीचं वेड तुम्हाला माहीतच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावरही शेलूबाजारच्या मैदानावर सामने असले की ते कॅमेरा घेऊन अगदी रेषेलगत मांडी घालून बसायचे. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली. मग तुमच्या बाबांनी तिकडून टेलिकन्व्हर्टर पाठवला — कॅमेरा आणि झूम लेन्स यांच्या मध्ये बसवायचं छोटं भिंग. त्यानं लांबचा खेळाडू दुप्पट मोठा दिसतो. आबांनी मैदानापलीकडे कडुनिंबाखाली खुर्चीत बसून निवांत फोटो काढावेत, एवढीच तुमच्या बाबांची इच्छा.

पण त्या भिंगानं उजेड कमी होतो, आणि आमच्या जुन्या लेन्सला ते लावलं की ऑटोफोकस चालतच नाही. रिंग हातानं फिरवावी लागते. शिवाय खेळाडू दुप्पट, तशी हाताची थरथरही दुप्पट. आबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. एकूण एक फोटो पुसट आले. आमची जुनी विद्यार्थिनी सुनंदा आता मुलींच्या संघाची कोच आहे. पोरगी मोकळी, मनात काही ठेवत नाही. फोटो बघून म्हणाली, "सर, ह्या आमच्या पोरी आहेत का भुतं?" सगळे हसले, आबाही हसले. पण त्यानंतर त्यांनी कन्व्हर्टर पिशवीतून काढला नाही, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले.

तुमच्या बाबांच्या मनाला ते लागून राहिलंय. आई, मी उगाच ते पाठवलं, बाबांना शेवटी हौसेच्या गोष्टीतही हार मानावी लागली, असं ते दर वेळी म्हणतात. म्हणून या हिवाळ्यात मी ठरवलं, त्या भिंगातून एक तरी स्वच्छ फोटो काढून त्यांना पाठवायचा.

सुनंदानं कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिली.

"मॅडम, कायले आल्या इतल्या उन्हात? आता सरांची ड्युटी तुमी करून राह्यल्या का?"

कॅमेरा आबांच्या एकपायी स्टँडवर बसवला. मला काही जमेना. चढाईला गेलेली मुलगी फोकसमध्ये येईपर्यंत ती परत आपल्या अंगणात आलेली असायची. शेवटी कंटाळून मी रिंग सोडली, डावा हात नुसता लेन्सवर टेकवला.

आणि रिंग माझ्या बोटांखाली फिरली.

सावकाश... थोडी पुढे, थोडी मागे, मग थांबली. आबा अशीच फिरवायचे. मुलीच्या कपाळावरचा घाम, गालाला लागलेली माती, सगळं लख्ख दिसलं. मी बटन दाबलं. मुलगी मागे सरकली, तशी रिंगही तिच्याबरोबर सरकली. मी बटन दाबत गेले. भीती वाटली नाही. फक्त डोळा कॅमेऱ्यावरून काढायचं धाडस होईना — काढला आणि शेजारी कोणी नसलं तर?

मग रिंग थरथरायला लागली. ती थरथर मी ओळखते. मुलीचा चेहरा पुसट व्हायचा, स्पष्ट व्हायचा, पुन्हा पुसट. किती धडपड चालली होती ती... माझ्यानं बघवेना. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी जे उठता-बसता म्हणत असे, तेच तोंडातून निघून गेलं.

"बस करा आता. थकून जासान."

रिंग थांबली.

मी बोटं तशीच ठेवली. सामना संपला, मुली पाणी प्यायला गेल्या, मैदान रिकामं झालं. अहो, करा ना, थोडं अजून करा, असं मी पुटपुटत होते. सुनंदानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, मॅडम, कोनाशी बोलून राह्यल्या? मी म्हटलं, कोणाशी नाही.

नंतर वाशीमला कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला लेन्स दाखवली. जुन्या लेन्सची झूमची नळी सैल होऊन वजनानं घसरते, तसं असेल, असं तो आधी म्हणाला. मग त्यानं फोकसची रिंग फिरवून पाहिली. ती सैल नव्हतीच. चांगली घट्ट होती.

फोटो मी काही न लिहिता तुमच्या बाबांना पाठवले. लगेच फोन आला. "आई, हे बाबांचे आहेत ना? म्हणजे त्यांना जमलं होतं?"

मी हो म्हणाले. किती दिवसांनी ते असे रडले, आणि मग किती मोकळे बोलले. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. यात खोटं किती आणि खरं किती, ते मलाच कळत नाही. बुद्धीला पटेल असं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आता प्रत्येक सामन्याला जाते. कडुनिंबाखाली बसते, लेन्सवर हात ठेवते, आणि सामना संपेपर्यंत तोंडातून एक शब्द काढत नाही.

तुमची,
आजी