शिवेवरचा भाकरतुकडा

बहीण बाळंतपण उरकून ठाण्याला निघाली, तेव्हा आईने सगळ्यात आधी भाकरी थापल्या. आमच्याकडे तान्हं बाळ पहिल्यांदा बापाच्या घरी निघालं की प्रत्येक गावाच्या शिवेवर भाकरतुकडा ओवाळून टाकतात. एका गावची इडापिडा दुसऱ्या गावात शिरू नये म्हणून. नवसासायासाने झालेलं बाळ, त्यामुळे आई एकही शीव चुकवायला तयार नव्हती. गाडी मी चालवत होतो, म्हणजे शीव शोधायचं कामही माझ्याच गळ्यात.

आमच्या डोणगावची शीव सोपी. ओढा ओलांडला, बाभूळ आली, तुकडा टाकला. समृद्धी महामार्गावर मात्र गावं नुसती पाटीवर येतात. आई खिडकी उघडून पाटीपाटीला तुकडे भिरकावायची आणि वाऱ्याने निम्मे परत आत यायचे. बहीण ते निमूट वेचत होती.

भिवंडीनंतर खरी पंचाईत झाली. इमारतीला इमारत चिकटलेली. एक गाव संपायच्या आतच दुसरं सुरू. आईच्या मुठीत शेवटचा तुकडा होता.

"शीव आली का रे?"

"नाही अजून."

"मंग कधी येईन?"

सिग्नलवर तिने शेजारच्या रिक्षावाल्यालाच गाठलं. "काहो भाऊ, हे गाव कुठं संपते?"

"संपत नाही, आजी," तो म्हणाला आणि निघून गेला.

आईचा चेहरा पडला. मी म्हणालो, "सारं एकच गाव समज न माय."

"असं कसं समजू? पोराच्या जिवाचं आहे."

शेवटी बहिणीच्या सोसायटीच्या फाटकावर तिने गाडी थांबवली. इकडे बाहेर, तिकडे आत. इतकी स्वच्छ शीव तिला दिवसभरात भेटली नव्हती. तुकडा ओवाळून टाकला. वॉचमन म्हणाला, इथे कचरा टाकायचा नाही.

"कचरा नाही बापा, इडापिडा आहे."

तो दोन पावलं मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आईची मांडी रिकामी झाली होती, तिचे हात मात्र अजून बाळ धरल्यासारखेच होते. गावच्या ओढ्याजवळ तिने गाडी थांबवायला लावली. जाताना बाळाच्या नादात आम्हाला दिसलं नव्हतं: बाभळीवर 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी ठोकलेली आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा.

आई उतरून त्या रेघांपर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "ओढ्यातला एक धोंडा आण अन् इथं रोव. नातू येईन तं कुठं ओवाळायचं, ते मले दिसलं पाहिजे."

जाताना दिवसभर मी तिला हसत होतो. धोंडा मात्र चांगला खोल रोवला.