दाढीवाल्याचा हापसा

गेली वीस वर्षं मी एक लबाडी पोटात घेऊन हिंडतोय आणि ती अजून पचत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात इंग्रजीचा मास्तर होतो. गावात बोअर मारायला दोन अमेरिकन आले. त्यांचं बोलणं मराठीत करणारा मी एकटाच, म्हणजे माझा भाव काय विचारता! माझ्याशिवाय त्यांना चहासुद्धा मागता येत नव्हता.

एकाची दाढी छातीपर्यंत, गळ्यात मण्यांची माळ. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तो स्वतःच्या देशात मोर्चे काढून आलेला. दुसऱ्याचे केस फौजदारासारखे बारीक, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना, आणि युद्ध बरोबरच आहे असं तो तोंडावर सांगायचा. मी पडलो वर्तमानपत्रं वाचणारा. पहिल्याच दिवशी दोघांना दोन कप्प्यांत टाकून मोकळा झालो. दाढीवाला उदारमतवादी, म्हणजे गरिबांचा. बारीक केसांचा परंपरावादी, म्हणजे बड्यांचा. सरपंचांनीही हेच कप्पे केले होते, फक्त आवडनिवड उलटी. "ह्यो मिलिटरीवाला आपल्यातला गडी हाय," ते म्हणायचे. "त्यो दाढीवाला मातुर पोरं बिघडवनार."

बोअर एकच मिळणार होता. खालच्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कडेला घागरी मांडून बसायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. त्यातली एक मावशी शाळा झाडायला यायची. तिनं विचारलं, "मास्तर, बोर आमच्यात पडंल का वो?"

"दाढीवाला आपला आहे, मावशी. अगदी निर्धास्त राहा."

जागा ठरवायला मारुतीच्या पारावर सभा भरली. वस्तीतली माणसं लांब, उन्हात उभी. मी दोघा पाहुण्यांना त्यांचं मत विचारलं. दाढीवाल्यानं हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाला, "आम्ही परके. तुमच्या रीतीभातीत आम्ही कोण ढवळाढवळ करणार? जागा गावानंच ठरवावी."

गाव म्हणजे सरपंच आणि सरपंचांची जागा म्हणजे मारुतीचं देऊळ! तेवढ्यात दुसरा उठला. "तीन दिवस मी विहिरीवर बघतोय. बाईमाणसाला तिथं पाण्यासाठी भीक मागावी लागते. माझ्या देवाला हे चालत नाही. बोअर त्यांच्या दारात पाडायचा."

आता सांगा, काय करावं माणसानं? माझा माणूस सरपंचांचं बोलत होता आणि सरपंचांचा माणूस माझं. लांबून मावशी माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला आणि ऐटीत दोघांची बोलणी अदलाबदल करून टाकली. "दाढीवाले म्हणतात, बोअर वस्तीत. हे दुसरे म्हणतात, गाव ठरवेल तसं."

सरपंच खुलले. पूजेच्या ताटातला नारळ उचलून त्यांनी बारीक केसांच्या हातात दिला. "झालं तर मग! आमचा इस्वास ह्या गड्यावर. ह्यो जिथं नारळ फोडंल तिथं बोर. हाय का कबूल?"

"हाय, हाय!" सगळा पार ओरडला.

हे एवढं मात्र मी त्याला इंग्रजीत शब्दन् शब्द खरं सांगितलं. त्यानं नारळाकडे पाहिलं आणि चालायला लागला. देऊळ मागे पडलं, चावडी मागे पडली.

"आरं, ह्यो कुठं निघाला?" सरपंच म्हणाले.

"परसाकडं जात असंल," कुणीतरी म्हणालं.

मावशीच्या खोपटासमोरच्या दगडावर नारळ फाट्‌कन फुटला. फुटलेल्या नारळाची जागा बदलायची म्हणजे देवाला फसवायचं, आणि शब्द तर सरपंचांनी स्वतः चारचौघांत दिलेला. ते माझ्यावर धावून आले. "मास्तर, काय वो हे?"

"मला काय विचारता? गडी तुमचा."

दाढीवाला म्हणाला, "गावानं ठरवलं ना? मग झालं." बाह्या सरसावून चार दिवस त्यानं लोखंडी पाइप वाहिले, हाताला फोड येईपर्यंत. त्याच्यावर रागवायचीही सोय ठेवली नाही बेट्यानं.

पाणी लागलं, हापसा बसला. वस्तीनं हार आणला आणि घातला दाढीवाल्याच्या गळ्यात! मावशी म्हणाली, "त्यो आमच्यासाठी बोलला म्हनून पानी आलं. ह्यो बारक्या केसाचा तर सरपंचाचा. देवानंच त्याची बुद्धी फिरवली."

मीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगितलं असतं तर सरपंचांनी सभाच खोटी ठरवली असती आणि तो हापसा उपटला असता.

"काय म्हणतेय ती?" बारीक केसांच्यानं विचारलं.

"तुमचे आभार मानतेय."

तो कानापर्यंत लाल झाला. आणि त्याच संध्याकाळी, देवा, युद्ध कसं चालूच ठेवलं पाहिजे यावर त्यानं माझ्याशी तासभर वाद घातला! कुठल्या कप्प्यात ठेवू याला? मी चिडून उठून गेलो. त्याला साधं 'शाबास' म्हणायचंही राहून गेलं.

परवा त्या गावी गेलो होतो. हापसा चालू आहे. मावशीची सून घागर भरत होती. म्हणाली, "ह्यो दाढीवाल्याचा हापसा. लई देवमानूस हुता म्हनं, गरिबांचा."

"आणि दुसरा?"

"दुसरा?" तिनं दांडा थांबवला. "दुसरा कोन हुता?"

तिला सांगायला वीस वर्षांचं साठलेलं होतं माझ्याकडे. सुरुवात कुठून करावी तेच कळेना. मी ओंजळ पुढे केली आणि पाणी प्यालो.