चाकांची आगबोट

जुन्या आगबोटींना दोन्ही बाजूंनी चाकं असायची हे मला माझ्या पोरीनं सांगितलं. शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात तिनं चित्र पाहिलं होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी तशीच बोट करायचं तिच्या मनात होतं. आइसक्रीमचे लाकडी चमचे तिनं धुऊन, वाळवून एका डब्यात साठवले होते. चमच्यांची चाकं आणि रबराच्या पिळावर ती फिरवायची, असा तिचा बेत. मी तो सगळा ऐकून घेतला आणि म्हणालो, "असं नाही जमायचं. मी दाखवतो."

हे "मी दाखवतो" माझ्या नोकरीतलं. भूकंपानंतर माझी नांदेडहून लातूरला बदली झाली ती नव्या गावांतली घरं बांधायच्या कामावर. हातात नकाशा, समोर चुन्याच्या रेषा, आणि आपण लोकांचं भलं करतोय हा ताठा. एका बाईनं ढिगाऱ्यातून आपल्या घराचं जुनं सागवानी दार वाचवून आणलं होतं. ती रोज कामावर येऊन विनवायची, "साहेब, चौकट चार बोटं रुंद करा की. माझं दार बसंल." मी रोज सांगायचो, "नकाशात बसत नाही." घर झालं, तिला लोखंडी दार मिळालं. तिचं दार बाहेरच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पक्कं घर मिळाल्यावर दाराचं काय एवढं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितल्याचंही आठवतं.

लातुरात तेव्हा क्लासचं वारं नुसतं घोंघावत होतं. आमच्या गल्लीत ज्याच्या घराला एक जादा खोली, त्यानं ती बाहेरगावच्या पोरांना भाड्यानं दिलेली. नववीतल्या पोरांनाही घरोघरी प्रश्नसंच सोडवायला बसवलेलं. अशा वातावरणात प्रदर्शनाची मॉडेलं पोरांनी करायची हा वेळेचा अपव्यय, यावर सगळ्या आईबापांचं न बोलता एकमत झालं होतं. समोरच्या घरात एक वकीलसाहेब रोज संध्याकाळी ज्वालामुखीला रंग द्यायचे, त्यांचा मुलगा आत गणितं करायचा. मग मी का मागं राहू?

मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. दोन गोल चकत्या, त्यांना कडेनं आठ-आठ पाती, प्रत्येक पात्याला सोल्डरचा डाग दिलेला. सायकलच्या चाकाची एक तार सरळ करून आस केला. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली. ती फार जोरात फिरे, म्हणून दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर रबर चढवून तिचा वेग कमी केला. पोरगी शेजारी बसून बघायची. तिनं पक्कड उचलली की मी म्हणायचो, "थांब, हात कापेल." तिनं पत्रा धरला की म्हणायचो, "थांब, वाकेल." चमच्यांचा डबा तिनं एकदा माझ्याकडं सरकवला. मी तो बाजूला ठेवला, कारण मला सोल्डरची तार दिसत नव्हती.

पहिली चाचणी मागच्या अंगणातल्या हौदात. नळ कधी येईल याचा भरवसा नसायचा, त्यामुळं कपड्यांसाठी राखलेल्या त्या पाण्यात तेलकट पत्रा बुडवला म्हणून बायकोनं माझा चांगलाच उद्धार केला. चाकं झकास फिरली. पाणी भरपूर उडालं. बोट मात्र जागच्या जागी थरथरत राहिली.

पोरगी हौदाच्या काठावर हनुवटी टेकून बघत होती. म्हणाली, "बाबा, पाती लई खोल बुडायलेत. पाणी मागं जाईना, नुसतं वर उचलायलंय."

"तू जा, अभ्यास कर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी आस बोटभर वर घेतला. आता फक्त खालची पाती पाण्याला लागत होती, आणि बोट सरळ हौदाच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकली. मी आनंदानं ओरडलोच. पोरीला बोलावलं आणि पाती खोल बुडाली की पाणी मागं ढकलण्याऐवजी वर कसं उचलतात, हे तिला नीट समजावून सांगितलं. तिनं मान हलवून ऐकून घेतलं. मग मी पावडरच्या डबीचं धुराडं बसवलं, त्यातून धूर यावा म्हणून आत उदबत्ती खोचायची सोय केली, आणि मोठ्या मनानं म्हणालो, "उदबत्ती तू लावायची हं."

प्रदर्शन शाळेच्या मोठ्या वर्गात होतं. टेबलांपुढं पोरं, पोरांमागं आईबाप, मधे पाण्यानं भरलेला आमचा पत्र्याचा टब. परीक्षक दुसऱ्या शाळेतल्या एक वयस्कर बाई होत्या. बोट धूर सोडत टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई वाकून म्हणाल्या, "छान गं! ही पाती इतकीच का बुडवलीस?"

आणि मी उत्तर द्यायला लागलो. पोरीच्या डोक्यावरून, हातवारे करत. बाईंनी मला मधेच थांबवलं, "तिला बोलू द्या की हो." मग तिला विचारलं, "यातलं तू काय केलंस?"

"बाबांनी केलंय सगळं," ती म्हणाली. "मी उदबत्ती लावली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. विचारलं म्हणून खरं ते सांगितलं. पोरं खो खो हसली. माझे कान तापले. आजूबाजूला पाहिलं तर वकीलसाहेब ज्वालामुखीपासून दोन पावलं मागं सरकून खिडकीबाहेर बघत होते. सगळेच बाप एकाएकी कुठंतरी बघत होते. बाई पुढच्या टेबलाकडं गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी खरं सांगायचं तर तेव्हाची लाज चारचौघांत झालेल्या शोभेची होती. पोरीनं निदान समजूतदारपणा दाखवायचा, असंही घरी येताना मनात आलं.

खरी लाज पुढं काही आठवड्यांनी वाटली. स्कूटर दुरुस्तीला टाकली होती, म्हणून कामावरून पायी घरी आलो. फाटक उघडंच होतं. मागच्या अंगणातून मायलेकींचं हसणं ऐकू आलं, म्हणून बोळातून डोकावलो. हौदात एक लाकडी फळकूट तरंगत होतं. त्याला आइसक्रीमच्या चमच्यांची दोन चाकं, रबराच्या पिळावर फिरणारी. एक चाक तिरकं बसलं होतं, त्यामुळं बोट सरळ न जाता गोल गोल फिरत होती. प्रत्येक फेरीला दोघी हसत होत्या. मला लगेच कळलं काय चुकलंय ते. नुसती एक पाचर मारली असती तरी काम झालं असतं. हात शिवशिवले.

"बाबांना दाखव की," बायको म्हणाली. "किती कौतुक करतील."

"करतील," पोरगी म्हणाली. "मग नीट करतील. नको आई, ते यायच्या आत लपवू."

मी तिथंच भिंतीला टेकलो. नव्या गावातलं ते सागवानी दारही असंच भिंतीला टेकलेलं होतं. स्वतःच्या पोरीनं तिची खेळणी आपल्यापासून लपवावीत असा मी बाप. इतकी लाज वाटली की आत जायचं धाडस होईना.

पावलांचा आवाज न करता मी फाटकाशी परत गेलो. ते बाहेरून ओढून घेतलं, कडी जोरजोरात वाजवली, खाकरलो, चपला उगाच आपटल्या. मागं घाईची कुजबुज झाली. त्यांना पुरेसा वेळ मिळेपर्यंत मी फाटकात उभा राहिलो.

आत गेलो तेव्हा पोरगी पुस्तक उघडून बसली होती. तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"काय करायलीस गं?"

"काही नाही बाबा. अभ्यास."

"कर," मी म्हणालो, आणि तिच्या कोपराकडं न बघता हातपाय धुवायला गेलो.