पाठमोऱ्याची मंडळी

आमचे हे गाड्यांच्या सीटा शिवतात. रेक्झिन कापायचं, फोम बसवायचा, कडा ताणून खिळे ठोकायचे आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं. शिलाईचं अर्धं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे कंबर मलाही आहे. ती धरत बसायला मला वेळ नसतो एवढंच. इतक्या वर्षांत या माणसाने ना कधी दारू घेतली, ना पत्ते खेळले. एकच नाद केला, आणि तो असा की त्यापेक्षा पत्ते परवडले असते.

सुरुवात कामातूनच झाली. एका सभागृहातल्या फाटक्या खुर्च्या दुरुस्त करायला हे गेले होते. मागच्या रांगेत गुडघे टेकून खिळे मारताहेत, तेवढ्यात स्टेजवर एक उंच, हडकुळा माणूस आला, लोकांकडे पाठ करून उभा राहिला आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागला. वाजवू लागला म्हणजे तारांमध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसला, चमचा घासला, मग सगळं यंत्र किंचाळेपर्यंत पिळलं. घरी येऊन हे म्हणाले, "आज एक माणूस गिटारला छळत होता." मी म्हटलं, चला, विषय संपला. कसला संपतोय! पुढच्या कार्यक्रमाला स्वारी तिकीट काढून गेली.

त्या गिटारवाल्याने कधी लोकांकडे तोंड केलं नाही, म्हणून त्याचं नाव पडलं पाठमोरा. एकदा वाजवलेलं तो पुन्हा वाजवत नसे आणि कुणाला टेपही करू देत नसे. अर्धं सभागृह कपाळाला आठ्या घालून निघून जायचं. जे उरायचे ते हळूहळू एकमेकांना ओळखू लागले. पुढे पाठमोरा वारला आणि त्याच्या वाजवण्यातलं काही म्हणता काही मागे राहिलं नाही. राहिले हे चौघे, आणि त्यांनी माझी बाहेरची खोली बळकावली.

दर रविवारी ते आठवणी काढायला जमतात, असं मी शेजारणीला सांगते. खरं सांगायची लाज वाटते. ही चार मोठी माणसं अख्खा कार्यक्रम तोंडाने वाजवतात! कुठला तरी एक कार्यक्रम ठरवायचा आणि आठवून आठवून पहिल्यापासून शेवटपर्यंत न्यायचा. चष्म्याच्या दुकानाचे मालक, आमचे चष्मेवाले, टेबलावर ड्रम बडवतात. गणिताचे मास्तर पोटातून घरघर काढतात, तो म्हणे बेस. आमचे हे, लोक उठून जाताना खुर्च्यांचा जो खाडखाड आवाज व्हायचा तेवढा काढतात. खुर्च्या यांना कळतात. आणि गिटार चौथ्याची, वायरमनभाऊजींची. दात, टाळा, नाक, घसा, कुठून कुठून तो आवाज ते आणायचे देव जाणे. माझं डोकं उठायचं, पण कधी कधी पातेलं घासता घासता माझाही हात थांबायचा, हे मी यांना कधी कळू दिलं नाही.

वायरमनभाऊजींचा मान मोठा होता त्याला आणखी एक कारण होतं. ते त्या सभागृहात दिव्यांचं काम बघायचे. स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, बोर्डाजवळ उभे असायचे. म्हणजे पाठमोऱ्याचा चेहरा पाहिलेला हा एकच माणूस. सगळ्यांचा लाडका कार्यक्रम होता, त्यात पाठमोरा मध्येच हात वर करून नुसता उभा राहिला होता. कितीतरी वेळ. मग एकच ठोका वाजवला आणि निघून गेला. किती वेळ उभा होता यावरून तिघांची दरवेळी जुंपायची. चष्मेवाले म्हणायचे, मी बाहेर जाऊन सिगारेट ओढून आलो तरी तो तसाच. मास्तर म्हणायचे, काहीतरीच काय! आणि मग तिघंही भाऊजींकडे वळायचे, "तेव्हा चेहरा कसा होता त्याचा?"

"सांगेन कधीतरी," एवढंच ते म्हणायचे.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज गेला तो गेलाच. दवाखान्यातून घरी आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. हे दर रविवारी जायचे, बोलून बोलून थकायचे आणि परत यायचे. लिहायला पाटी दिली तर भाऊजी ती उलटी करून ठेवायचे.

इकडे बैठकीची रया गेली. गिटार काढायचा प्रयत्न यांनी एकदा केला. चष्मेवाले म्हणाले, "हे मांजर कुणाचं?" कुणी हसलं नाही. मास्तर पाय चोळत म्हणाले, "बंद करू या आता. मी तर दमलोय."

हे आत आले, माठाजवळ उभे राहिले. पाणी प्यायले नाहीत. "वायरमन आला नाही तर संपलंच गं," म्हणाले. पाठमोरा गेला खड्ड्यात, पण या माणसाकडे स्वतःचं असं दुसरं काहीच नव्हतं. मी होते, पण आम्ही दोघं एकत्र फक्त काम करत आलो.

आमच्या स्वयंपाकघरातलं बटण बरेच दिवस ठिणग्या टाकत होतं. मी वायरमनभाऊजींच्या घरी गेले आणि म्हटलं, "भाऊजी, बटण जळायला आलंय. दुसऱ्या कुणाचा हात मी लागू देणार नाही. रविवारी या." मी चहाही न घेता निघाले, नाही म्हणायला संधी नको.

रविवारी ते आले. गळ्याला रुमाल, हातात अवजारांची पिशवी. बाहेरच्या तिघांकडे न बघता थेट आत आले आणि बटण उघडून बसले. बाहेर शेवटी यांनीच घसा खाकरला आणि तोच लाडका कार्यक्रम सुरू केला, गिटारीशिवाय. नुसती घरघर, बडवाबडवी आणि खुर्च्या. ऐकवत नव्हतं.

"इथे तो थांबला," चष्मेवाले नेहमीसारखं म्हणाले आणि पुढे जाऊ लागले.

वायरमनभाऊजी उठले. स्वयंपाकघराच्या दारात गेले, तिघांकडे पाठ करून उभे राहिले आणि स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात वर केला.

पुढे कुणी गेलं नाही. बाहेरच्यांना त्यांची पाठ दिसत होती. समोर मी होते, हातात ओला कप घेऊन. आणि मला चेहरा दिसत होता.

त्यात मोठं असं काही नव्हतं. तो एक दमलेला माणूस होता. कामाने, दुखण्याने, येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं आहे म्हणून दाखवण्याने दमलेला. बघणाऱ्यांकडे पाठ केल्यावर त्यांनी चेहरा सैल सोडला होता. गाल उतरले होते, डोळे भरून आले होते आणि पुसायची घाई नव्हती. रोज संध्याकाळी शिलाईचं मशीन बंद केल्यावर माझा चेहरा असाच होत असणार. तेव्हा समोर कुणी नसतं. मला रडू आलं, आणि मीही ते पुसलं नाही.

मग हात खाली आला. माझ्या रिकाम्या पातेल्यावर एकच ठोका पडला.

"एवढाच," हे बाहेरून म्हणाले. "बरोबर एवढाच वेळ होता तो."

मास्तर धडपडत उठले. "वहिनी, तुम्ही समोर होतात. चेहरा कसा होता?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान किंचित हलवली.

"सांगेन कधीतरी," मी म्हटलं. भाऊजींचे खांदे गदगदा हलायला लागले. ते हसत होते.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. बटण नीट चालत होतं, तरी पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात आले. मी हातातलं काम खाली ठेवलं आणि त्यांच्या समोर बसले.